वृद्धांना रेशनचे धान्य मिळवून देताना: हे काम पहिल्यांदाच हाती घेणाऱ्यांसाठी

आयुष्यभर मजुरी केली, आता हातपाय चालत नाहीत, मुले परगावी आहेत किंवा नाहीतच, आणि महिन्याचा किराणा कसा भरायचा हा प्रश्न दर महिन्याला नव्याने उभा राहतो, अशी वृद्ध माणसे प्रत्येक गावात आणि प्रत्येक वस्तीत आहेत. त्यांच्यासाठी सरकारी धान्याची तरतूद आहे आणि ती दया म्हणून नव्हे, तर कायद्याने दिलेला हक्क म्हणून आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली संमत झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. तरीही हे धान्य अनेक वृद्धांपर्यंत पोहोचत नाही. याचे कारण बहुतेक वेळा पात्रता नसणे हे नसते. कागदावरची एखादी नोंद, मशीनमधली एखादी अडचण किंवा चुकीच्या क्रमाने केलेला एखादा अर्ज हे असते. आई-वडिलांसाठी, शेजारच्या आजींसाठी किंवा एखाद्या संस्थेचे कार्यकर्ते म्हणून हे काम तुम्ही पहिल्यांदाच करणार असाल, तर सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: घरात रेशनकार्ड असणे आणि धान्य मिळण्याचा हक्क असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी कार्ड नीट वाचावे

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिकांची पद्धत आहे. पिवळी, केशरी आणि पांढरी हे तीन रंग सर्वांनाच माहीत असतात आणि त्यामुळेच लोकांचा गोंधळ होतो, कारण आज धान्य मिळणे केवळ रंगावर ठरत नाही. अन्न सुरक्षा कायद्याखाली दोनच गट धान्याला पात्र आहेत, ते म्हणजे अंत्योदय, म्हणजे अत्यंत गरीब कुटुंबे, आणि प्राधान्य कुटुंबे. पिवळ्या कार्डावरचे दारिद्र्यरेषेखालील लाभार्थी आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांपर्यंत, तर शहरी भागात ५९,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेली केशरी कार्डावरची कुटुंबे प्राधान्य गटात घेतली गेली. त्याहून अधिक उत्पन्नाची केशरी कार्डे या गटाबाहेर राहिली. म्हणून दोन शेजाऱ्यांकडे अगदी एकसारखे केशरी कार्ड असूनही एकाला धान्य मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. कार्डावर ‘अंत्योदय’ किंवा ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का आहे का, हे सर्वप्रथम पाहावे.

दोन्ही गटांच्या हक्कात मोठा फरक आहे. अंत्योदय कुटुंबाला, त्यात माणसे कितीही असोत, महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो मिळते. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य पूर्णपणे मोफत आहे आणि केंद्र सरकारने १ जानेवारी २०२४ पासून पुढील पाच वर्षांसाठी ही मोफत तरतूद वाढवली आहे. गहू आणि तांदूळ यांचे प्रमाण जिल्ह्यानुसार आणि महिन्यानुसार बदलते, काही वेळा ज्वारीसारखे भरड धान्यही दिले जाते. परंतु एकूण किलोंमध्ये कपात करण्याचा अधिकार दुकानदाराला नाही आणि या धान्यासाठी पैसे मागण्याचाही नाही.

मराठवाड्यातील आणि अमरावती विभागातील सर्व जिल्हे, तसेच वर्धा अशा चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डावरच्या, पण प्राधान्य गटाबाहेरच्या शेतकरी कुटुंबांना २०२३ पासून धान्याऐवजी थेट बँक खात्यात रक्कम दिली जाते. तुमच्यासमोरचे वृद्ध या जिल्ह्यांतले शेतकरी असतील, तर दुकानात जाण्याऐवजी आधी पासबुक भरून घेऊन पाहावे.

नाव यादीत आहे आणि मशीनमध्येही आहे, याची खात्री

शिक्का असूनही धान्य मिळत नसेल, तर अडचण बहुधा ऑनलाइन नोंदीत असते. प्रत्येक कार्डाला बारा अंकी क्रमांक असतो. जुन्या पुस्तिकेवर तो अनेकदा हाताने लिहिलेला असतो, कधी अजिबात लिहिलेला नसतो. दुकानातल्या ई-पॉस मशीनवर (ओळख पटवून धान्यवाटपाची नोंद करणारे यंत्र) आधार क्रमांक टाकून तो काढून घ्यावा आणि कार्डाच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावा, कारण पुढचे प्रत्येक काम याच क्रमांकावर चालते. ‘मेरा राशन’ या मोबाइल अ‍ॅपवरही कार्डावरच्या सदस्यांची नावे आणि त्यांची स्थिती पाहता येते.

या नोंदीत तीन गोष्टी तपासाव्यात. कार्डावरच्या प्रत्येक माणसाचे नाव ऑनलाइन यादीत आहे का, प्रत्येकाचा आधार क्रमांक योग्य नावाला जोडला आहे का आणि प्रत्येकाचे ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळखीची पडताळणी, पूर्ण झाले आहे का. नवरा-बायकोचे आधार क्रमांक एकमेकांच्या नावाला जोडले गेल्याची उदाहरणे भरपूर सापडतात आणि अशा वेळी अंगठा कितीही स्वच्छ असला तरी मशीन तो स्वीकारत नाही. ई-केवायसी राहिले असेल, तर ते कोणत्याही रास्त भाव दुकानात करता येते. त्यासाठी मूळ गावी जावे लागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या किंवा बोटांचे ठसे पुसट झालेल्या वृद्धांसाठी ‘मेरा ई-केवायसी’ या अ‍ॅपवरून चेहऱ्याच्या ओळखीने घरबसल्या हे काम होते. मात्र आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असावा लागतो, आणि वृद्धांच्या बाबतीत तो अनेकदा बंद पडलेला किंवा एखाद्या नातेवाइकाचा असतो. म्हणून मोबाइल क्रमांकाची दुरुस्ती आधार केंद्रात आधीच करून घेतलेली बरी.

नाव मुलाच्या कार्डावर असेल तर

सर्वात जास्त नुकसान याच टप्प्यावर होते, म्हणून येथे घाई करू नये.

पुष्कळ वृद्धांचे नाव मुलाच्या कार्डावर असते. प्रत्यक्षात मात्र चूल वेगळी असते, किंवा मुलगा शहरात आणि आई-वडील गावात असतात. अशा वेळी वेगळे कार्ड काढावे असे वाटणे साहजिक आहे आणि कायद्यातही त्याला जागा आहे. त्यासाठी आधी जुन्या कार्डातून नाव कमी करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्या दाखल्यावर नवीन कार्डाचा अर्ज होतो. खरी मेख आहे ती ‘इष्टांक’ या शब्दात, म्हणजे लाभार्थ्यांच्या ठरवून दिलेल्या संख्येत. महाराष्ट्रात या कायद्याखालील लाभार्थ्यांची संख्या सुमारे ७ कोटी इतकी ठरवून दिलेली असून ती ग्रामीण लोकसंख्येच्या ७६.३२ टक्के आणि शहरी लोकसंख्येच्या ४५.३४ टक्के या प्रमाणावर आधारलेली आहे. हे प्रमाण २०११ च्या जनगणनेवर लावलेले आहे आणि पुढे तालुक्यांना त्यातून वाटा ठरवून दिला जातो. तालुक्याचा इष्टांक भरलेला असेल, तर नवीन कार्ड मिळते, पण त्यावर धान्य सुरू होत नाही. म्हणजे मुलाच्या कार्डावर असताना मिळणारे माणशी ५ किलोही हातचे जाते आणि नवे कोरे कार्ड घेऊन वृद्ध माणूस प्रतीक्षा यादीत बसतो.

म्हणून नाव कमी करण्याचा अर्ज देण्यापूर्वी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत (शहरात परिमंडळ किंवा शिधावाटप कार्यालयात) जाऊन एकच प्रश्न स्पष्टपणे विचारावा: विभक्त कार्डावर हे लाभार्थी प्राधान्य गटातच राहतील का? हे लाभार्थी आधीपासून इष्टांकात मोजलेले आहेत, त्यामुळे विभक्त कार्डावर त्यांचा लाभ तसाच चालू ठेवावा, अशी मागणी अर्जातच लिहावी. तोंडी ‘होईल, होईल’ यावर समाधान मानू नये. उत्तर नकारार्थी असेल, तर नाव मुलाच्या कार्डावर राहू द्यावे आणि वृद्धांच्या वाट्याचे धान्य ते राहतात तिथल्या दुकानातून उचलावे. त्याची सोय पुढे सांगितली आहे.

पतीच्या निधनानंतरही अशीच काळजी घ्यावी लागते. कायद्याच्या कलम १३ प्रमाणे कुटुंबातील अठरा वर्षांवरील सर्वात ज्येष्ठ स्त्री हीच शिधापत्रिकेसाठी कुटुंबप्रमुख असते. त्यामुळे पतीचे नाव कमी करणे हे बदलाचे काम आहे, कार्ड बंद करून नवीन कार्ड काढण्याचे नव्हे. विशेषतः अंत्योदयचे कार्ड पतीच्या नावावर असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून त्याच कार्डावर पत्नीची कुटुंबप्रमुख म्हणून नोंद करून घ्यावी. कोणी ‘नवीनच काढा’ असा सल्ला दिला, तर तो ऐकू नये. एकदा सुटलेले अंत्योदय कार्ड परत मिळवणे फार अवघड असते.

अंत्योदयसाठी अर्ज कोणी करावा

डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेली अंत्योदय अन्न योजना पुढच्या काही वर्षांत टप्प्याटप्प्याने वाढवली गेली आणि त्या वाढीच्या वेळी साठ वर्षांवरील, ज्यांना उपजीविकेचे खात्रीचे साधन नाही किंवा कुटुंबाचा, समाजाचा आधार नाही, अशा व्यक्तींचा निकषांत स्पष्ट उल्लेख केला गेला. विधवा, अपंग, दुर्धर आजाराने ग्रासलेल्या व्यक्ती प्रमुख असलेली कुटुंबे, एकटे राहणारे निराधार स्त्री-पुरुष, तसेच कातकरी, कोलाम, माडिया गोंड या आदिम जमातींची कुटुंबेही त्यात आहेत. एकट्या वृद्धेला प्राधान्य गटात महिन्याला ५ किलो मिळते आणि अंत्योदयमध्ये ३५ किलो. हा फरक पाहिला म्हणजे हा अर्ज करण्यासाठी चार हेलपाटे घालणे का योग्य आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

राज्यात अंत्योदय कुटुंबांची संख्या सुमारे २५ लाख इतकी मर्यादित आहे, त्यामुळे जागा रिकामी झाल्याशिवाय नवे नाव घेतले जात नाही. तरीही अर्ज द्यावाच. गावात असाल, तर ग्रामसभेत नाव मांडून ठरावात नोंद घ्यावी, ठरावाची नक्कल अर्जाला जोडावी आणि अर्जाची पोच घ्यावी. ज्यांच्या नावाचा अर्ज दप्तरात नाही, त्यांचा विचार जागा रिकामी झाल्यावरही होत नाही.

कुठे जायचे आणि काय न्यायचे

ग्रामीण भागात तहसील कार्यालयातील पुरवठा शाखा, पुणे व नागपूर अशा शहरांत अन्नधान्य वितरण अधिकाऱ्यांच्या अखत्यारीतील परिमंडळ कार्यालय आणि मुंबई-ठाणे परिसरात शिधावाटप कार्यालय अशी ही रचना आहे. अर्ज ऑनलाइनही भरता येतो, परंतु वृद्धांच्या प्रकरणात कागद घेऊन एकदा प्रत्यक्ष गेलेले चांगले, कारण अपवादात्मक परिस्थिती समोरासमोर समजावून सांगता येते. आधार कार्ड, राहत्या जागेचा पुरावा, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, छायाचित्र, बँक पासबुकाची प्रत आणि आधीच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला एवढे कागद सहसा लागतात. घर भाड्याचे किंवा नातेवाइकाचे असेल, तर घरमालकाचे संमतीपत्र आणि वीजबिल न्यावे. उत्पन्नाच्या दाखल्यात मुलाचे उत्पन्न मिळवले गेले आहे का, हे दाखला हातात पडताच वाचून पाहावे. वेगळे राहणाऱ्या वृद्धांचे अर्ज अनेकदा तेवढ्याच कारणाने अडतात.

दलालाला पैसे देऊ नयेत. झटपट कार्ड काढून देतो म्हणणारा माणूस बहुधा कोरे केशरी कार्ड हातात ठेवतो आणि वर सांगितल्याप्रमाणे त्यावर धान्य येत नाही.

दुकानातला दिवस

मशीनवर अंगठा लावणे हा प्रकार तरुणांना क्षुल्लक वाटतो. सत्तरी पार केलेल्या माणसासाठी मात्र तो दर महिन्याचा घोर असतो. मजुरीने, भांडी घासण्याने, वयाने बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. बोट काचेवर टेकते, मशीन काही क्षण थांबते, नकार दाखवते, मागची रांग कुरकुरू लागते आणि आजी ओशाळून बाजूला होतात. असे होऊ नये म्हणून काही गोष्टी जवळ उभे राहून करून घ्याव्यात. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत. त्वचा अगदीच रुक्ष असेल, तर किंचित तेल किंवा क्रीम चोळून लगेच पुसावे. अंगठ्याचाच आग्रह धरू नये, दहापैकी कोणतेही बोट चालते, आणि कोणते बोट लवकर उठते हे एकदा कळले की ते लक्षात ठेवावे. बोट जोराने दाबल्यास ठसा पसरतो, म्हणून ते सपाट, हलके आणि स्थिर ठेवावे. ठसे जुळतच नसतील, तर नव्या मशीनवर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवण्याची सोय आहे, तसेच आधारला जोडलेल्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीचाही मार्ग आहे. आधार केंद्रात जाऊन ठसे पुन्हा नोंदवले, तर पुष्कळांची अडचण काही वर्षांपुरती तरी दूर होते.

एवढे करूनही ओळख पटली नाही, तर धान्य नाकारता येत नाही. केंद्र सरकारने २४ ऑक्टोबर २०१७ रोजी राज्यांना दिलेल्या सूचनांत हे स्पष्ट केले आहे: केवळ बोटांचे ठसे न जुळल्यामुळे किंवा मशीनला नेटवर्कची जोडणी नसल्यामुळे खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये, प्रत्यक्ष आधार कार्ड पाहून आणि नोंदवहीत नोंद घेऊन धान्य द्यावे. दुकानदाराशी वाद घालण्यापेक्षा ही सूचना शांतपणे सांगावी आणि तरीही नकार मिळाला, तर तो तारखेसह लिहून ठेवावा.

कुटुंबातील ई-केवायसी झालेल्या कोणत्याही एका सदस्याच्या अंगठ्यावर सर्वांचे धान्य मिळते, हे अनेकांना ठाऊक नसते. घरात नातू किंवा सून कार्डावर असेल, तर आजोबांना रांगेत उभे करण्याचे कारण नाही. वृद्ध माणूस एकटाच असेल आणि दुकानापर्यंत चालत जाणे शक्य नसेल, तर त्याच्या वतीने धान्य आणणाऱ्या व्यक्तीची नॉमिनी म्हणून नोंद करून घेण्यासाठी पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि शक्य असल्यास डॉक्टरांचा दाखला जोडावा. ही व्यक्ती रोजच्या ओळखीची, विश्वासाची असावी. दुकानदाराच्या घरची किंवा दुकानात काम करणारी नसावी.

धान्य घेतल्यावर मशीनची पावती मागून घ्यावी आणि तिथेच वाचावी. त्यावर कोणत्या महिन्याचे किती गहू, किती तांदूळ दिले याची नोंद असते. पिशवीत कमी आणि पावतीवर जास्त असा फरक असेल, तर तो काट्यापुढे उभे असतानाच दाखवून द्यावा. या पावत्या एका पिशवीत साठवून ठेवाव्यात. तक्रार करायची वेळ आली, तर त्यांच्याइतका भक्कम पुरावा दुसरा नसतो.

मुलांकडे आळीपाळीने राहणाऱ्यांसाठी

चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे अशी अनेक वृद्धांची वहिवाट असते. ‘एक देश एक रेशन कार्ड’ या व्यवस्थेमुळे राज्यातल्या कोणत्याही दुकानात, तसेच दुसऱ्या राज्यातही बारा अंकी क्रमांक किंवा आधार क्रमांक सांगून धान्य घेता येते. कार्डावरच्या काहींनी गावी आणि काहींनी परगावी आपापल्या वाट्याचे धान्य उचलले तरी चालते. सुरतेत किंवा हैदराबादेत मुलाकडे गेलेल्या वृद्धांनाही तेथे केंद्राच्या कोट्याचे धान्य मिळते. त्या राज्याच्या स्वतःच्या जादा सवलती मात्र मिळत नाहीत.

या व्यवस्थेचा वापर करणे आता अधिकच गरजेचे झाले आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने केलेल्या सुधारणेनुसार सलग सहा महिने धान्य न उचललेले कार्ड तात्पुरते निष्क्रिय केले जाते आणि पुढील तीन महिन्यांत प्रत्यक्ष पडताळणी व ई-केवायसी करून पात्रता पुन्हा ठरवली जाते. शिवाय ई-केवायसी दर पाच वर्षांनी करावे लागणार आहे. दीर्घ आजारपणात, शस्त्रक्रियेनंतर किंवा लेकीकडे राहायला गेल्यावर सहा महिने सहज उलटतात. म्हणून अशा काळात जवळच्या दुकानातून निदान एखाद्या महिन्याचे धान्य जरूर उचलावे.

धान्याला जोडून

ज्यांचे वय ६५ वा अधिक आहे आणि जे राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतनास पात्र असूनही ते मिळत नाही, त्यांच्यासाठी अन्नपूर्णा योजनेत महिन्याला १० किलो धान्य मोफत देण्याची तरतूद आहे. पुरवठा शाखेत तिची चौकशी करावी. त्याचबरोबर ६५ वर्षांवरील आणि २१,००० रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांनी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत द्यावा. त्यातून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, आणि नुसत्या गहू-तांदळाने जेवण होत नसल्यामुळे डाळ-तेलासाठी या पैशांची फार गरज असते. ज्यांना स्वयंपाकच होत नाही, त्यांनी परिसरात शिवभोजन केंद्र चालू आहे का ते पाहावे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या या योजनेत दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी थाळी ठरवण्यात आली आहे.

धान्य अडले तर

पहिली तक्रार दुकानातल्या तक्रार वहीत लिहावी आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. त्यानंतर १९६७ किंवा १८००-२२-४९५० या मदतक्रमांकांवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. पुढची पायरी तहसीलदार किंवा शिधावाटप अधिकारी यांच्याकडे लेखी अर्जाची आहे, आणि तेथेही दाद मिळाली नाही, तर अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे नेमलेल्या जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर राज्य अन्न आयोगाकडे जाता येते. अर्ज एका पानाचा असावा. बारा अंकी क्रमांक, दुकानाचा क्रमांक, कोणत्या महिन्याचे किती धान्य मिळाले नाही आणि कोणते कारण सांगितले गेले, एवढेच त्यात लिहावे. कायद्याच्या कलम ८ प्रमाणे हक्काचे धान्य न मिळाल्यास राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मागता येतो. ही मागणी अर्जाच्या शेवटच्या ओळीत स्पष्ट शब्दांत घालावी, वृद्धांची सही किंवा अंगठा साक्षीदारासमोर घ्यावा आणि आवक क्रमांक पडलेली प्रत त्यांच्याच घरी ठेवावी.